मामांच्या खोलीतला लोखंडी गोळा: आकाशातला असेल का, आणि कापावा का?

परळची भूगोलवाली | १२ जून, रात्री १०.०५

नमस्कार. मी परळला शाळेत भूगोल शिकवते. प्रश्न लांबलाय, पण अर्धवट माहितीवर तुम्ही तरी काय सांगणार, म्हणून सगळं लिहिते.

माझे मोठे मामा बोटीवर होते, इंजिनरूममध्ये ऑइलमन. गिरगावात चाळीतल्या त्यांच्या खोलीत आम्ही लहानपणापासून एक काळा गोळा बघत आलोय. मोठ्या मोसंबीएवढा, पण उचलायला गेलं की हात खाली ओढला जातो. कणकेत अंगठे रुतवावेत तसे त्यावर खळगे आहेत. मामी त्याला 'ह्यांचा दगड' म्हणतात. दर वर्षी कैरीच्या फोडी मिठात मुरत ठेवल्या की वर ताटली आणि ताटलीवर हा गोळा. इतकाच त्याचा उपयोग.

गेल्या महिन्यात मामा गेले. ट्रंक आवरताना त्यांच्या सीडीसीत, म्हणजे खलाशांच्या नोकरीच्या पुस्तकात, घडी घातलेली चिठ्ठी सापडली. अक्षर मामांचंच: 'ब्यूनस आयर्स, नोव्हेंबर १९७४. कांपो देल सिएलो. आभाळातलं लोखंड. पैसे दिलेले आहेत.'

तेव्हापासून मला झोप नाही. घरी जे जमलं ते केलं. चुंबक घट्ट चिकटतो. वजन १४१२ ग्रॅम. पातेल्यात पाणी घेऊन ते काट्यावर ठेवलं आणि गोळा दोऱ्याने पाण्यात लोंबकळत सोडला, तळाला न टेकवता. काटा १८४ ग्रॅमने चढला. म्हणजे घनता ७.६७. मग झवेरी बाजारात ओळखीच्या दुकानात सोन्याचा टंच काढतात त्या मशीनखाली धरला. लोखंड ९३.६, निकेल ५.८, बाकी किरकोळ. मँगनीज नाही, क्रोमियम नाही. कोबाल्ट शून्य.

इथेच अडलंय. कांपो देल सिएलो म्हणजे अर्जेंटिनातली जागा, जिथे आकाशातून लोखंड पडलं. तिथल्या लोखंडात निकेल साधारण ६.७ टक्के आणि कोबाल्ट ०.४ टक्के असतं असं वाचलं. माझे आकडे जुळत नाहीत. मामांना बंदरावर कुणी फसवलं असेल का?

दुसरं, पाऊस सुरू झाल्यापासून गोळ्यावर पिवळट-तपकिरी थेंब येतायत. पुसले की दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसरं, मामेभावाला त्याच्या ज्योतिषांनी सांगितलंय की हे लोखंड शनीसाठी उत्तम, लोहाराकडून तापवून अंगठ्या करून घ्या. तो रविवारी न्यायला येतोय. मी काय सांगू?

---

आकाशदर्शन ठाणे | १२ जून, रात्री ११.४०

चिठ्ठी वाचून काटा आला अंगावर. सांभाळून ठेवा ती, नमुन्याइतकीच मोलाची आहे.

एक छोटी दुरुस्ती, तुमच्यासाठी नाही, धाग्यावर येणाऱ्या सगळ्यांसाठी: आकाशात जळताना दिसते ती उल्का, जमिनीवर हाती लागतो तो अशनी. आणि कुणी 'लोणारचा असेल' म्हणायच्या आत सांगतो, लोणारचं विवर बेसॉल्टमध्ये आहे आणि आघाताचा पुरावा तिथल्या काचेत आणि बदललेल्या खनिजांत आहे. लोखंडाचे गोळे तिथून येत नाहीत. आपल्याकडे २०१२ साली नागपूर जिल्ह्यात काटोलला अशनी पडले, तेही दगडी. पडताना पाहिलेल्या अशनींत लोखंडी शंभरात पाचच्या आसपास.

---

मायक्रोवाली, मुलुंड | १३ जून, सकाळी ६.३०

ताई, आधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण रविवार जवळ आलाय. भावाला गोळा देऊ नका. काहीही सांगा, पण तो भट्टीत जाऊ देऊ नका. का, ते खाली लिहिते.

मी ३१ वर्षं भांडुपच्या एका फोर्जिंग कारखान्यात मेटॅलर्जीच्या लॅबमध्ये होते. काम एकच: लोखंडाचा तुकडा कापायचा, एमरी पेपरवर घासायचा, आरशासारखा पॉलिश करायचा, नायटलमध्ये, म्हणजे ॲसिडच्या सौम्य द्रावणात, बुडवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. कारखान्यात सगळे त्याला 'मायक्रो काढणं' म्हणत. हजारो मायक्रो काढले असतील. लोखंडाच्या आत काय असतं ते मला माणसांच्या चेहऱ्यांसारखं पाठ आहे. लोह-अशनीचा मायक्रो नोकरीत एकदाच बघायला मिळाला, एका पाहुण्या प्राध्यापकांनी आणलेला, आणि त्या दिवशी मी जेवायला गेले नाही.

आता तुमचे आकडे. टंचाचं मशीन सोन्यासाठी बसवलेलं असतं, लोखंडासाठी नाही. शिवाय क्ष-किरण पृष्ठभागाच्या आत केसभरही जात नाहीत. तुम्ही पृष्ठभागावरचा गंज मोजलाय, आतला धातू नाही. गंजात निकेलचं प्रमाण बदलतं, त्यामुळे ५.८ आल्याचं मला नवल नाही. कोबाल्टची गंमत वेगळी आहे. लोखंडाची एक क्ष-किरण रेषा कोबाल्टच्या मुख्य रेषेला जवळजवळ चिकटून असते. जिथे ९० टक्क्यांहून जास्त लोखंड आहे तिथे त्या गोंगाटात ०.४ टक्के कोबाल्ट साध्या मशीनला ऐकू येत नाही. म्हणून शून्य. त्या शून्याला अर्थ नाही.

अर्थ आहे तो मँगनीज नसण्याला. आपलं पोलाद कुठलंही घ्या, रेल्वेचा रूळ, खिडकीचे गज, जुनी तोफ सोडून काहीही, मँगनीज थोडं तरी असतंच. निकेल आहे आणि मँगनीज-क्रोमियम दोन्ही नाहीत, हे कारखान्यात बनलेलं लोखंड नसल्याचं चांगलं लक्षण. घनताही जुळते. ७.६७ म्हणजे शुद्ध धातूपेक्षा जरा कमी, वरचा गंज आणि आत थोडं काहीतरी हलकं धरलं तर बरोबर. भट्टीची मळी असती तर आत बुडबुडे असते आणि घनता कितीतरी खाली आली असती.

माझ्या अंदाजाने मामांना फसवलेलं नाही. पण अंदाज तो अंदाज. खात्री एकाच गोष्टीने होते: एक कोपरा कापून, पॉलिश करून, ॲसिड दाखवून. खऱ्या लोह-अशनीत जी रचना दिसते ती जगातला कुठलाच कारखाना बनवू शकत नाही.

ती कशी होते सांगते. साखरेचा पाक घोटत घाईने गार केला की भुरा होतो. तोच पाक दोरा सोडून हलवल्याशिवाय दिवसच्या दिवस ठेवला की खडीसाखर. सावकाशपणाने कण मोठा होतो. लोखंडात हेच होतं, फक्त पाक पातळ असतो आणि इथे लोखंड आधीच घट्ट झालेलं होतं. लघुग्रहाच्या पोटात लोखंड-निकेलचा एकच एक स्फटिक होता, टेनाइट नावाचा. तापमान साडेसातशे अंशांच्या आसपास उतरलं तेव्हा सगळं निकेल त्या रचनेत मावेना. कमी निकेलचं दुसरं रूप, कॅमासाइट, पट्ट्यांसारखं वाढायला लागलं, आणि निकेल दोन पट्ट्यांमधल्या टेनाइटमध्ये ढकललं गेलं. घट्ट धातूतून निकेलचे अणू सरकायचे म्हणजे मुंगीच्या पावलांनी. या जातीच्या अशनींसाठी काढलेला वेग दहा लाख वर्षांत साधारण तीस-पन्नास अंश असा आहे. ताई, एक अंश उतरायला वीस-तीस हजार वर्षं! आमच्या भट्टीतून निघालेला क्रँकशाफ्ट एका रात्रीत गार व्हायचा आणि त्याचे कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायचे. कांपोच्या कॅमासाइटचे पट्टे जवळजवळ ३ मिलिमीटर रुंद असतात. मायक्रोस्कोप लागत नाही, डोळ्यांनी दिसतात.

आणि लोहाराने तो लालभडक तापवून घण घातले की त्या पट्ट्यांची मूळ रचना मोडते, पुन्हा येत नाही. हातात उरतं साधं निकेलचं लोखंड, जे दारूखान्याच्या भंगार बाजारात किलोवर मिळेल. ते सगळं अंगठ्यांसाठी घालवायचं, हा विचार मला सहन होत नाही.

थेंबांबद्दल एक विचारते. खारट पाण्याशी याचा किती संबंध आला? लोणच्याबद्दल लिहिलंय, म्हणून.

---

परळची भूगोलवाली | १३ जून, दुपारी ४.१५

शाळा सुटल्या सुटल्या मामींना फोन केला. पंचेचाळीसेक वर्षं दर उन्हाळ्यात गोळा त्या ताटलीवर बसतोय. मिठाचं पाणी सुटून ताटलीत यायचं, कधी गोळ्याला लागायचं. मग मामी तो राखेने घासून नळाखाली धुवायच्या. मला फार वाईट वाटतंय.

भावाशी बोलले. तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणाला, 'पूर्वी राजे लोक तलवारी करायचेच की आकाशातल्या लोखंडाच्या.'

---

दादरचा इतिहासवाला | १३ जून, रात्री ९.००

भाऊ चुकीचं बोलत नाहीयेत, पण पूर्ण गोष्ट सांगा त्यांना. १६२१ सालच्या एप्रिलमध्ये जालंधरजवळ तापलेलं लोखंड आकाशातून पडलं. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत ते लिहून ठेवलंय, वजन १६० तोळे भरल्याचंही. उस्ताद दाऊद नावाच्या कारागिराला त्यातून तलवार, खंजीर आणि सुरी करायला सांगितलं. लोखंड हातोड्याखाली टिकेना, तुकडे पडायला लागले. शेवटी तीन भाग हे आणि एक भाग साधं लोखंड मिसळल्यावर पाती तयार झाली. त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

---

मायक्रोवाली, मुलुंड | १३ जून, रात्री १०.२०

इतिहासवाले, आभार. तुकडे का पडले असतील ते आम्हा फोर्जिंगवाल्यांना लगेच कळतं. लोह-अशनींत ट्रॉइलाइट असतं, लोखंड आणि गंधकाचं संयुग. लोखंडाशेजारी ते ९८८ अंशांना वितळतं. घडाई त्याच्या वरच्या तापमानाला होते. म्हणजे घण बसतो तेव्हा आतल्या सांध्यांत पातळ द्रव असतो आणि गोळा फुटतो. आमच्याकडे गंधक जास्त झालेल्या बिलेटचं हेच व्हायचं. भावाला सांगा, अंगठी होण्याआधी चुरा होईल.

भूगोलवाली ताई, वाईट वाटून घेऊ नका. मीठ एकट्या मामींचं नाही. हा अशनी पडून चार-पाच हजार वर्षं झाली, तेवढा काळ तो अर्जेंटिनातल्या चाकोच्या जमिनीत पडून होता. जमिनीतलं क्लोराइड तेव्हाच भेगांत शिरलंय. कांपोचे नमुने दमट हवेत गंजतात म्हणून सगळीकडे बदनाम आहेत, आणि मुंबईच्या जुलैइतकं दमट काय असणार! क्लोराइड गंजात वापरलं जाऊन संपत नाही, पुन्हा मोकळं होतं आणि पुढचं लोखंड खातं. म्हणून पुसून उपयोग नाही. आणि ते अंगठ्यासारखे खळगे बहुधा हवेत जळतानाचे नाहीत, मातीत झिजल्याचे आहेत. मूळ जळकी साल इतक्या वर्षांत राहत नाही.

कापायचं असेल तर वायर-कट करून घ्या, म्हणजे बारीक तारेतून वीज सोडून ठिणग्यांनी कापणं. कटिंग व्हील लावू देऊ नका, कडा तापतात. साकीनाक्याला वायर-कटची पुष्कळ दुकानं आहेत, पाणीही डीआय, म्हणजे क्षार काढलेलं, असतं, क्लोरीनचं नाही. एका टोकाची फक्त चकती काढा, ५ मिलिमीटरची. मग मला व्यनि (खाजगी निरोप) करा. पॉलिश मी करून देईन. माझ्याकडे अजून सगळं आहे.

---

परळची भूगोलवाली | २९ जून, रात्री ९.५०

कापला.

शनिवारी साकीनाक्याला गेले. दुकानातल्या मुलाने गोळा टेबलावर बांधला आणि विचारलं, 'मॅडम, मटेरियल काय?' मी म्हटलं, लोखंड आणि निकेल. तासाभराने वायर तुटली. त्याने पुन्हा ओवली. बोटभर पुढे गेल्यावर पुन्हा तुटली. म्हणाला, 'आत करंट जात नाही अशी जागा आहे, लोखंड नाहीये तिथे.' माझ्या पोटात गोळा आला. मला वाटलं, संपलं, आत सिमेंट भरलेलं निघणार. त्याने वेग अगदी कमी केला, त्या जागेला हळूहळू वळसा घातला. चकती सुटली तेव्हा संध्याकाळ झाली होती.

मध्यभागी नाण्याएवढा काळपट-हिरवा डाग आहे, दगडासारखा. दुसरीकडे पितळी रंगाचा वाटोळा ठिपका, त्याला काळी किनार. बाकी सगळा करडा धातू, काही नक्षी नाही. ताई, हे चांगलं की वाईट?

---

मायक्रोवाली, मुलुंड | २९ जून, रात्री १०.०५

खूप चांगलं! वायर तुटली तिथे दगड आहे म्हणूनच तुटली. सिलिकेट खनिजं वीज नेत नाहीत. कांपो ज्या गटात मोडतो त्या आयएबी गटाची ती ओळख आहे, लोखंडाच्या पोटात ऑलिव्हिन, पायरॉक्सिन, फेल्डस्पार आणि ग्रॅफाइटचे खडे अडकलेले असतात. म्हणून अनेक संशोधकांना वाटतं की हा गट लघुग्रहाच्या नीट वेगळ्या झालेल्या गाभ्यातला नाही. कुठल्या तरी मोठ्या टकरीत धातू वितळला, धातू खाली आणि दगड वर असं वेगळं व्हायच्या आधीच तो थिजला, आणि दगडाचे तुकडे आत राहिले. फसवणारा माणूस लोखंडात ऑलिव्हिन भरायला जाणार नाही.

पितळी ठिपका ट्रॉइलाइट, किनार ग्रॅफाइटची. नक्षी अजून दिसणारच नाही, वायर-कटने वर वितळून थिजलेला पातळ थर राहतो. तो घासून काढावा लागतो. रविवारी या, अकराला.

---

परळची भूगोलवाली | ७ जुलै, रात्री ८.३०

आज मुलुंडला जाऊन आले. जे बघितलं ते लिहून ठेवते, नाहीतर तपशील विसरेन.

ताईंच्या गॅलरीत काचेच्या तावदानावर एमरी पेपर ठेवला होता. १२० नंबरपासून १२०० पर्यंत. प्रत्येक पेपरवर एकाच दिशेने घासायचं, पेपर बदलला की चकती काटकोनात फिरवायची, आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. पाण्याऐवजी स्पिरिट. दोन तास मीच घासलं, ताईंनी फक्त डोळे ठेवले. मग मखमलीवर डायमंड पेस्ट. चकतीत माझा चेहरा दिसायला लागला. डाग आणि ठिपका सोडून कुठेच काही नाही, कोरा आरसा.

नायटल त्यांनी ताजं केलं, अल्कोहोलमध्ये तीन टक्के नायट्रिक ॲसिड. हातमोजे, खिडकी उघडी, आणि उरलेलं बाटलीत बंद करून ठेवायचं नाही हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. कापसाच्या बोळ्याने पुसायला सुरुवात केली. दहा-पंधरा सेकंद काही नाही. मग एका कोपऱ्यातून पट्टे उमटले. फोटो धुताना डार्करूममध्ये चित्र वर यायचं तसे. रुंद, करडे, तीन दिशांनी एकमेकांना छेदणारे. ताईंनी पट्टी लावली: २.८, ३.१, २.९ मिलिमीटर. आम्ही दोघीही बराच वेळ बोललो नाही.

मी विचारलं, पट्टे अष्टफलकाच्या, म्हणजे आठ त्रिकोणी बाजूंच्या आकाराच्या, चार दिशांनी असतात तर इथे तीनच का, आणि कोन सारखे का नाहीत? ताईंनी बटाटा आणला, चाकूने त्याचा अष्टफलक केला आणि वेगवेगळ्या बाजूंनी कापून दाखवला. पट्टे म्हणजे वरच्या रेषा नाहीत, आतपर्यंत गेलेल्या फळ्या आहेत. कापाची दिशा बदलली की कोन बदलतात. फलकाला समांतर कापलं तर ६० अंशांचे त्रिकोण, घनाच्या बाजूला समांतर कापलं तर काटकोन. आपला काप दोन्हींच्या मधला, तिरका. एक दिशा जवळजवळ आडवी पडलीय म्हणून तिचे पट्टे पसरट आणि अस्पष्ट. नववीच्या वर्गात हे मी बटाट्यानेच शिकवणार आहे.

मायक्रोस्कोपखाली कॅमासाइटच्या पट्ट्यांत केसासारख्या सरळ समांतर रेषा दिसल्या. त्या नॉयमान रेषा, ताई म्हणाल्या, आघाताच्या. धातू थंड असताना त्याला जबरदस्त धक्का बसला की स्फटिक अशा पातळ थरांत मुडपतो. म्हणजे पट्टे सावकाशपणाची खूण आणि या रेषा एका क्षणाची. काही पट्ट्यांच्या मधोमध लांबट, रुपेरी, ॲसिडने न डागळलेले कण होते. कोहेनाइट, लोखंड आणि कार्बनचं संयुग. आणि पट्ट्यांच्या सीमेवर श्रायबरसाइट, फॉस्फरसचं.

---

मायक्रोवाली, मुलुंड | ७ जुलै, रात्री ९.१५

छान लिहिलंय. एक भर. १८०४ साली नेपल्समध्ये थॉमसन नावाच्या इंग्रजाने सैबेरियातल्या अशनीचा गंज काढायला नायट्रिक ॲसिड लावलं आणि त्याला ही नक्षी दिसली. नाव मात्र पडलं व्हिएन्नाच्या विडमनस्टेटनचं, त्याने १८०८ मध्ये पाहिली. गंज काढण्यापासूनच सुरुवात झाली होती, तुमच्यासारखी.

स्वच्छ चकतीवर डायमिथाइलग्लायॉक्साइमचा बोळा गुलाबी झाला होता, तेही नोंदवा. निकेल आहे. प्लेटिंग नाही, कारण आतल्या कापावर झालाय. नक्की आकडा हवा असेल, गॅलियम-जर्मेनियमसह, तर मोठ्या प्रयोगशाळेत द्यावं लागेल. कांपोत ते दशलक्षात साधारण ८७ आणि ४०७ भाग असतात आणि गट त्यावरूनच ठरतो. माझ्यापुरतं म्हणाल तर पट्ट्यांची रुंदी, कोहेनाइट, सिलिकेट आणि मामांची चिठ्ठी, चारही एकाच दिशेला बोट दाखवतात.

उरलेला गोळा आता सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात. डिस्टिल्ड पाण्यातच करायचं, हातमोजे आणि चष्मा घालून. दर आठवड्याला पाणी बदला, क्लोराइड त्यात उतरत राहील. महिना-दीड महिना लागेल. मग अल्कोहोलमधून काढून १०० अंशांवर तासभर वाळवायचा. १०० अंशांनी रचनेला काही होत नाही. नंतर सिलिका जेलसोबत हवाबंद डबा. उघड्या हाताने उचलू नका, घामातही मीठच.

---

परळची भूगोलवाली | १४ जुलै, सकाळी ७.४०

पहिलं पाणी काल बदललं. चहाच्या रंगाचं झालं होतं.

भावाला चकती दाखवली. खिडकीशी नेऊन तिरकी करून बघत राहिला, पट्टे उजेडात आलटून पालटून चमकतात तसे. अंगठ्यांचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. चकती गिरगावात मामींकडेच ठेवतोय, चिठ्ठीसकट, डब्यात. मामींनी एकच विचारलं, 'ह्यांनी किती पैसे दिले असतील?' ते चिठ्ठीत नाही.

लोणच्यावर आता वरवंटा ठेवलाय.